सरकारी कामावरची मजुरी : कमीत कमी किती, कोण देणार आणि नाही दिली तर काय करायचं?

ठाणे : रस्ता सरकारचा, पूल सरकारचा, शाळेची इमारतही सरकारची. पण तिथं घमेलं उचलणाऱ्या माणसाचा रोज बहुतेक वेळा मुकादम ठरवतो. "इथं एवढाच रेट चालतो" हे वाक्य ऐकून माणूस कामाला लागतो. प्रत्यक्षात सरकारी पैशातून होणाऱ्या बांधकामावर कमीत कमी मजुरी किती द्यायची हे कायद्याने ठरलेलं आहे. ठेकेदाराने सही केलेल्या कंत्राटातही ते लिहिलेलं असतं. त्यापेक्षा कमी रोज मजुराने स्वतः कबूल केला, तरी तो कायद्याने चालत नाही.

मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांतून रोज हजारो माणसं बांधकामावर जातात. काहीजण नाक्यावर उभे राहतात, काहींना मुकादम टेम्पोत घालून थेट साईटवर नेतो. अशा कामगारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी नियमांची ही माहिती.

आधी एक गोष्ट पहा : काम कोणाचं आहे?

मजुरीचा दर दोन सरकारं ठरवतात, केंद्र आणि राज्य. कोणता दर लागू होणार हे पैसा कुठून आला यावर ठरत नाही, काम कोणत्या संस्थेचं आहे यावर ठरतं. इथंच बहुतेकांची गल्लत होते.

ठाणे पूर्वेचा कोपरीचा रेल्वे पूल हे जवळचं उदाहरण. पूर्व द्रुतगती मार्गावरच्या या पुलाच्या रुंदीकरणात मध्य रेल्वे आणि एमएमआरडीए या दोघांचा संबंध होता. रेल्वेच्या कामावर, रेल्वेच्या ठेकेदाराकडे असलेल्या मजुराला केंद्राचा दर लागतो. एमएमआरडीए १९७४ च्या राज्याच्या कायद्याने उभी राहिलेली संस्था आहे, त्यामुळे तिच्या ठेकेदाराकडच्या मजुराला राज्याचा दर. म्हणजे रुळांच्या वर आणि रुळांच्या अलीकडे काम करणाऱ्या दोन बिगाऱ्यांचे किमान रोज वेगळे असू शकतात. त्यामुळे साईटवर गेल्यावर पहिला प्रश्न "रोज किती" हा नको, "काम कुणाचं" हा हवा.

साधारण वाटणी अशी :

- केंद्राचा दर : रेल्वे, भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, मोठी बंदरं, केंद्र सरकारच्या कंपन्या आणि या सगळ्यांचे ठेकेदार.
- राज्याचा दर : सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका, नगरपालिका, एमएमआरडीए, एमएसआरडीसी आणि त्यांचे ठेकेदार.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यात दिल्लीचा पैसा असतो, बोर्डावर पंतप्रधानांचं नाव असतं. पण काम राज्याची यंत्रणा करून घेते. म्हणून तिथं राज्याचा दर लागतो. काम कुणाचं हे कळायला साईटवरचा फलक पहावा. त्यावर कामाचं नाव, विभाग, ठेकेदार आणि रक्कम लिहिलेली असते. फलक नसेल तर तालुक्याच्या बांधकाम उपविभागात किंवा ग्रामपंचायतीत विचारता येतं.

केंद्राचा दर किती?

केंद्राचा दर मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून होतो. भत्ता वर्षातून दोनदा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. देशातल्या गावांचे आणि शहरांचे अ, ब, क असे तीन वर्ग केलेले आहेत. बृहन्मुंबईचा नागरी पट्टा अ वर्गात येतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अ वर्गात बांधकामासाठी केंद्राने जाहीर केलेले दिवसाचे दर असे होते :

- अकुशल (बिगारी, हेल्पर) : ७८३ रुपये
- अर्धकुशल : ८६८ रुपये
- कुशल : ९५४ रुपये
- अतिकुशल : १,०३५ रुपये

दर सहा महिन्यांनी हे बदलत असल्याने चालू दर केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावरून पहावा. ब आणि क वर्गात दर याहून कमी असतात.

राज्याचा दर कसा काढायचा?

महाराष्ट्रात प्रत्येक धंद्यासाठी वेगळी अधिसूचना असते. रस्ते आणि इमारत बांधकाम हा त्यातला एक धंदा. तिथं तीन गोष्टी पहाव्या लागतात.

पहिली, कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल. गवंडी, सुतार, फिटर हे साधारण कुशलमध्ये येतात. माल वाहणारा, खोदकाम करणारा अकुशलमध्ये. वर्ग कोणता हे प्रत्यक्ष कामावरून ठरतं, मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय त्यावरून नाही. चार महिने वीटकाम करणाऱ्याला हजेरीवर 'हेल्पर' लिहिलं, म्हणून तो हेल्पर होत नाही.

दुसरी, परिमंडळ. राज्याचे तीन परिमंडळांत भाग केलेले असतात. महापालिकांचा भाग सहसा परिमंडळ १ मध्ये असतो. तालुक्यातली गावं कोणत्या परिमंडळात, हे त्या अधिसूचनेत दिलेलं असतं. काम जिथं चालू आहे तिथलं परिमंडळ धरायचं, मजुराच्या गावाचं नाही. मुरबाडचा माणूस ठाण्यात कामाला आला तर त्याला ठाण्याचाच दर.

तिसरी, विशेष भत्ता. मूळ वेतनावर हा भत्ता मिळतो आणि तो १ जानेवारी व १ जुलैला बदलतो. राज्याचे कामगार आयुक्त तो जाहीर करतात. बरेच ठेकेदार मूळ वेतनाचा आकडा दाखवतात आणि भत्ता गिळतात. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, ही बेरीज म्हणजे किमान वेतन. महिन्याचा आकडा दिला असेल तर त्याला २६ ने भागलं की दिवसाचा रोज निघतो.

रोहयोचं काम वेगळं

रोजगार हमीच्या कामावर जॉबकार्डधारकाला मिळणारी मजुरी हा तिसराच दर आहे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात तो दिवसाला ३१२ रुपये होता. मनरेगाच्या कामात ठेकेदार लावायला बंदी आहे. या योजनेच्या जागी नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला, त्यामुळे चालू दर ग्रामपंचायतीत रोजगार सेवकाकडे विचारून घ्यावा. पण ठेकेदाराकडच्या कामावर "रोहयोत तर ३१२ च देतात" असं सांगून कुणी कमी रोज देत असेल, तर ते चुकीचं आहे. ठेकेदाराला बांधकामाचाच किमान दर द्यावा लागतो.

आता कायदा कोणता?

१९४८ चा किमान वेतन कायदा सत्तर वर्षांहून जास्त काळ चालला. २०१९ मध्ये संसदेने वेतन संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन हे चार जुने कायदे तिच्यात एकत्र केले आहेत. जुन्या कायद्याखाली निघालेल्या दरांच्या अधिसूचना, नव्या कायद्याशी विसंगत नसतील तोवर, चालूच राहतात. म्हणून "जुना कायदा गेला, आता दरच नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

नव्या संहितेत केंद्र सरकार एक तळाचा दर ठरवणार आहे. कोणत्याही राज्याला त्याच्या खाली किमान वेतन ठेवता येणार नाही.

ठेकेदार म्हणतो, "परवडत नाही"

सरकारी कामाचं अंदाजपत्रक दरसूचीवरून तयार होतं. एक घनमीटर काँक्रीटला सिमेंट किती, खडी किती, तसे गवंडी किती आणि बिगारी किती, असा हिशेब त्या दरात धरलेला असतो. म्हणजे मजुरीचा पैसा सरकारने कामाच्या किमतीत आधीच धरलेला असतो. मोठ्या, लांब मुदतीच्या कामांत भाववाढीचं कलम असतं. त्यात साहित्यासारखीच मजुरीची वाढही ठेकेदाराला मिळू शकते.

मग पैसा जातो कुठे? काम मिळवण्यासाठी ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराने निविदा भरतो. मग काम पोटठेकेदाराला देतो, तो मुकादमाला. प्रत्येकजण आपला हिस्सा काढतो. सिमेंट आणि सळई बाजारभावानेच घ्यावी लागते, तिथं कपात होत नाही. कपात होते ती मजुराच्या रोजात.

निविदेच्या अटींत ठेकेदाराने त्या भागाला लागू असलेलं किमान वेतन द्यावं अशी अट असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटात तर पोटठेकेदाराकडच्या मजुरालाही रास्त मजुरी मिळेल ही जबाबदारी मूळ ठेकेदारावर टाकली आहे. मजुराचं बुडालेलं वेतन ठेकेदाराच्या बिलातून कापून घेण्याचा अधिकार अभियंत्याला दिलेला आहे.

ही अट फक्त आपल्याकडची नाही. सरकारने स्वतःच्या कामावर स्वस्त मजुरीची चढाओढ लावू नये, हा विचार जगभर मान्य झालेला आहे. अमेरिकेत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याने केंद्र सरकारच्या बांधकामांवर त्या त्या भागात चालू असलेला मजुरीचा दर देणं सक्तीचं केलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४९ मध्ये सरकारी कंत्राटांतल्या मजुरीबाबत ९४ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यावर शिक्कामोर्तब केलेलं नाही. आपल्याकडे त्या भागात चालू असलेला दर नाही, तर सरकारने जाहीर केलेला किमान दर ही खालची मर्यादा आहे. बाजारात गवंड्याचा रोज त्याहून जास्त असेल तर जास्त मागता येतो. कमी मात्र देता येत नाही.

ठेकेदार पळाला तर पैसे कोण देणार?

वेतन देण्याची पहिली जबाबदारी ठेकेदाराची. त्याने दिलं नाही तर ज्याचं काम आहे त्याने द्यायचं, म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद, रेल्वे, जे कोणी असेल ते. नंतर ती रक्कम ते ठेकेदाराकडून वसूल करतात. "आमचा आणि मजुरांचा काही संबंध नाही, ठेकेदाराला विचारा" हे उत्तर कार्यालयाला कायद्याने देता येत नाही.

यात वेळ महत्त्वाची आहे. कामाचं शेवटचं बिल निघण्याआधी आणि अनामत रक्कम परत जाण्याआधी लेखी तक्रार कार्यकारी अभियंत्याकडे पोचली, तर पैसे अडवून ठेवता येतात. बिल निघून गेल्यावर तेच काम लांबत जातं.

रोजच्या भानगडी आणि त्यावरचा नियम

*मुकादमाचं कमिशन.* वेतनातून काय कापता येतं याची यादी कायद्यात आहे. मुकादमाची दलाली त्या यादीत नाही. सगळ्या कायदेशीर कपाती मिळूनसुद्धा वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता येत नाही.

*उचल.* घेतलेली उचल वेतनातून वळती करता येते, पण हिशेब दाखवून. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही, अशी सक्ती करणं म्हणजे वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली असून तो गुन्हा आहे. ठाणे जिल्ह्याला हा विषय नवा नाही. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेचं काम १९८० च्या दशकात इथल्या आदिवासी वेठबिगारांच्या सुटकेतूनच उभं राहिलं.

*उक्तं काम.* ब्रासवर, फुटावर किंवा नगावर काम घेतलं आणि त्या धंद्यात फक्त वेळेवरचा दर ठरलेला असेल, तर दिवसाची कमाई किमान रोजापेक्षा खाली जाता कामा नये.

*अर्धा दिवस.* सिमेंट आलं नाही, मिक्सर बंद पडला, म्हणून ठेकेदाराने दुपारी घरी पाठवलं, तर मजूर काम करायला तयार असताना पूर्ण दिवसाचा रोज मिळायला हवा. मजूर स्वतःहून निघून गेला तर मात्र नाही.

*जादा तास.* ठरलेल्या दिवसापेक्षा जास्त काम केलं तर जादा तासांना दुप्पट दर. स्लॅबच्या दिवशी रात्री दहापर्यंत थांबवून चहा-वडापाव दिला, म्हणजे ओव्हरटाइम फिटला असं होत नाही.

*बायकांचा रोज.* सारखंच किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर बाई आणि पुरुष यांना वेगळा रोज देता येत नाही. 'जोडीचा रोज' ठरवून नवऱ्याच्या हातात पैसे देण्याची पद्धत आहे. तिथंही बाईची हजेरी आणि वेतन तिच्या नावावर असलं पाहिजे.

*पैसे कधी?* रोजंदारीवर असेल तर त्याच दिवशी काम सुटताना. आठवड्यावर असेल तर आठवडी सुट्टीच्या आधी. महिन्यावर असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब.

एक हिशेब करून पाहू

समजा, रेल्वेच्या कामावर अ वर्गात एक बिगारी आहे. ऑक्टोबर २०२४ च्या दराने त्याचा रोज ७८३ रुपये होतो. मुकादम त्याला ५५० देतो.

- रोजचा फरक : ७८३ वजा ५५० = २३३ रुपये
- महिन्याचा, २६ दिवसांचा फरक : ६,०५८ रुपये
- तीन महिन्यांचा फरक : १८,१७४ रुपये

तो रोज दोन तास जादा थांबत असेल तर तासाचा दर ७८३ भागिले ८, म्हणजे ९७.८८ रुपये. दुप्पट केले की सुमारे १९५.७५. दोन तासांचे ३९१.५० रुपये रोज. हे धरलं तर थकलेली रक्कम आणखी वाढते.

दावा मंजूर करताना अधिकारी या रकमेशिवाय दाव्याच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देऊ शकतो. प्रत्येक वेळी तेवढी मिळतेच असं नाही, पण तो अधिकार कायद्यात आहे.

पुरावा कसा ठेवायचा?

हजेरी आणि वेतनाचं रजिस्टर ठेवणं, वेतनाची पावती देणं ही मालकाची जबाबदारी. पूर्ण वेतन दिलं हे सिद्ध करण्याचं ओझंही मालकावरच आहे. तरीही स्वतःकडे काही असेल तर काम सोपं होतं.

- रोजची हजेरी स्वतःच्या वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहावी : तारीख, साईट, आल्याची आणि सुटल्याची वेळ, मिळालेले पैसे.
- साईटवरच्या फलकाचा स्पष्ट फोटो काढावा.
- मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज आणि व्हॉइस नोट पुसू नयेत.
- पैसे शक्यतो खात्यावर किंवा फोनवरून घ्यावेत. रोखीने घेतले तर त्याच दिवशी नोंद करावी.
- कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या रजिस्टरवर सही-अंगठा देऊ नये. रजिस्टरवर ७८३ आणि हातात ५५० असा प्रकार तिथूनच सुरू होतो.
- भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापत असतील तर यूएएन क्रमांक मागावा आणि उमंग ॲपवर जमा होतात का ते पहावं.
- सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं लिहून ठेवावीत. एकट्यापेक्षा दहा जणांचा अर्ज लवकर पुढे सरकतो.

तक्रार कुठे करायची?

पहिलं पाऊल : ज्या विभागाचं काम आहे त्याच्या कार्यकारी अभियंत्याला लेखी अर्ज. कामाचं नाव, ठेकेदार, किती दिवस काम केलं, किती मिळालं, किती राहिलं, एवढं साध्या मराठीत लिहिलं तरी चालतं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

दुसरं पाऊल : कामगार कार्यालय. राज्याच्या दराचं काम असेल तर ठाण्याचं कामगार उपायुक्त कार्यालय. केंद्राच्या दराचं असेल तर मुंबईतलं केंद्रीय प्रादेशिक कामगार आयुक्तांचं कार्यालय. केंद्राच्या कामांसाठी 'समाधान' नावाच्या संकेतस्थळावरही दावा टाकता येतो. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर महिना-दोन महिने फुकट जातात, म्हणून 'काम कुणाचं' हे आधीच पाहिलेलं बरं.

दावा कामगार स्वतः, नोंदणीकृत कामगार संघटना किंवा निरीक्षक दाखल करू शकतात. नव्या संहितेत मुदत तीन वर्षांची आहे. जुन्या कायद्यात ती सहा महिने होती. त्यामुळे २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची थकबाकी असेल तर आणखी न थांबता अर्ज करावा. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते.

कमी वेतन दिल्याबद्दल मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसरं पाऊल : माहिती अधिकार. दहा रुपयांच्या अर्जावर कंत्राटाची प्रत, ठेकेदाराची बिलं आणि त्याने सादर केलेली वेतनाची कागदपत्रं मागता येतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. कागदावर किती मजूर आणि किती रोज दाखवला हे यातून बाहेर येतं.

वकिलाची गरज पडली तर तालुका विधी सेवा समिती आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, कामगार आणि वेठबिगारीला बळी पडलेली माणसं यांना तिथं मोफत वकील मिळतो.

न्यायालयाने काय म्हटलंय?

१९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळांसाठी मैदानं आणि पूल बांधले जात होते. तिथं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं. जमादार त्यातला एक रुपया कमिशन म्हणून कापून घेत आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लागणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने बंदी घातलेली सक्तीची मजुरी. पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच आहे, असा त्याचा अर्थ. काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झालं.

पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या रस्त्याच्या कामाचं प्रकरण आलं. ते दुष्काळी मदतीचं काम होतं. "आम्ही उपकार करतोय, मग किमान वेतन कशाला" हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. दुष्काळात काम दिलं तरी पूर्ण रोज द्यावा लागेल, असा निकाल लागला.

अपघात झाला तर हीच नोंद कामी येते

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांबे इथं समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर उचलणारं यंत्र कोसळलं. २० जणांचा मृत्यू झाला. त्यातले बरेचजण परराज्यांतून आले होते.

अपघातात कायद्याने मिळणारी भरपाई मृताचं वय आणि वेतन यांवरून काढली जाते. हजेरीवर नाव नसेल तर तो तिथं कामाला होता हेच आधी सिद्ध करावं लागतं. वेतन कमी दाखवलेलं असेल तर भरपाईही कमी होऊ शकते. म्हणजे हजेरीवर नाव आणि बरोबर रोज असणं हा घरच्यांच्या हक्काचा कागद आहे.

याशिवाय महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून ठेवावी. १८ ते ६० वर्षं वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, या अटी आहेत. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार, ग्रामसेवक किंवा महापालिकेकडून घेता येतो. मंडळाकडे येणारा पैसा बांधकामाच्या खर्चावर लागणाऱ्या एक टक्का उपकरातून येतो. सरकारी कामांतूनही तो कापला जातो. मुलांच्या शिक्षणापासून मृत्यूनंतरच्या मदतीपर्यंत मंडळाच्या योजना आहेत, पण नोंदणी चालू असेल तरच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मी कमी रोज कबूल करून कागदावर सही केली आहे. आता दावा करता येईल का?*
हो. किमान वेतनाचा हक्क सही करून सोडता येत नाही.

*ठेकेदाराचं नाव माहीत नाही, फक्त मुकादम माहीत आहे.*
फलकाचा फोटो काढा किंवा विभागात विचारा. काम कुणाचं हे माहीत असलं की ठेकेदार कार्यालयाच्या कागदावर सापडतो.

*मी बिहारचा / कर्नाटकचा आहे. मला हा दर लागतो का?*
लागतो. दर कामाच्या जागेवरून ठरतो, माणसाच्या राज्यावरून नाही.

*तक्रार केली तर कामावरून काढतील.*
ही भीती खरी आहे. म्हणून एकट्याने न जाता गटाने किंवा संघटनेमार्फत अर्ज करावा. काढून टाकलंच तर दोन दिवसांत पूर्ण हिशेब देण्याची जबाबदारी ठेकेदारावर येते आणि थकबाकीचा दावा तसाच चालू राहतो.

*ग्रामपंचायतीच्या कामाला हे नियम आहेत का?*
आहेत. गटार असो, स्मशानभूमीची शेड असो की अंगणवाडीची खोली, ठेकेदार लावून केलेल्या कामावर राज्याचा किमान दर लागतो. ग्रामसभेत त्या कामाच्या मजुरीचा हिशेब विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

- काम केंद्राच्या संस्थेचं की राज्याच्या, हे आधी पहा.
- मूळ वेतन अधिक भत्ता, दोन्ही मिळून रोज.
- केंद्राचा दर एप्रिल-ऑक्टोबरला, राज्याचा भत्ता जानेवारी-जुलैला बदलतो.
- रोजची नोंद स्वतः ठेवा, कोऱ्या कागदावर सही नको.
- शेवटचं बिल निघण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.